पुस्तक उघडण्याआधी

१ डिसेंबर २०२१ पासून राज्याच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथी आणि शहरी भागात पहिली ते सातवीचे वर्ग प्रत्यक्ष भरवण्यास परवानगी मिळाली. मुंबई-पुण्यात आणखी दोन आठवडे गेले, जानेवारीत अनेक ठिकाणी शाळांना पुन्हा कुलूप लागले, आणि २४ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याटप्प्याने परत उघडल्या. तेव्हा शाळांनी कोणती तयारी केली, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वर्गखोल्यांचे निर्जंतुकीकरण, दारात थर्मल गन, बाकांमधले अंतर, पालकांची संमतिपत्रे, शिक्षकांच्या लसीची प्रमाणपत्रे. यातले काहीच अनाठायी नव्हते. साथ ओसरली नव्हती आणि पालकांच्या मनात भीती होती. पण दीड वर्षाहून अधिक काळाने समोर आलेल्या मुलांबरोबर पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्यात नेमके काय करायचे, यावर आपापल्या शाळेत किती वेळ बोलणे झाले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. बहुतेक ठिकाणी इमारत तयार झाली आणि शिक्षकवर्ग तयार आहे असे गृहीत धरले गेले. तो विषय शिळा झाला, असे आम्हाला वाटत नाही. पूर, उष्णतेची लाट, साथ यांपैकी कशाने ना कशाने शाळा पुन्हा बंद पडतील, आणि पुन्हा उघडतील. शिवाय दर जूनला, विदर्भात जूनअखेरीस, याच प्रसंगाची लहान आवृत्ती प्रत्येक शाळेत घडत असते.

त्या डिसेंबरात वर्गात कोण येऊन बसले होते ते आधी पाहू. हजेरीपटावर दुसरीत असलेले मूल मार्च २०२० मध्ये अंगणवाडीत किंवा बालवाडीत होते. पहिलीचे अख्खे वर्ष त्याने घरी काढले होते, दुसरीचेही निम्मे. तिसरीच्या मुलाची पहिलीच पुरी झालेली नव्हती. चौथीतले मूल दुसरीच्या अखेरीस शाळेतून गेले ते थेट चौथीत परतले. या मुलांच्या हाती शिक्षकांनी त्या-त्या इयत्तेचे पुस्तक दिले, आणि तेही डिसेंबरपर्यंत जेवढे व्हायला हवे तेवढे झाले आहे असे धरून. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या १,१३७ सरकारी शाळांमधील १६,०६७ मुलांची पाहणी केली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण निष्कर्ष कुणालाही विचार करायला लावणारा होता. सरासरी ९२ टक्के मुलांनी आदल्या वर्षी येत असलेले किमान एक भाषिक कौशल्य गमावले होते, आणि ८२ टक्के मुलांनी गणितातले किमान एक. म्हणजे न शिकलेले एवढाच प्रश्न नव्हता, शिकलेलेही हातून निसटले होते. हे शाळा बंद असतानाच, त्या उघडण्याच्या कित्येक महिने आधी, छापून आलेले होते.

राज्यात यावर सेतू अभ्यास होता, आणि त्यामागचा विचार योग्य होता. दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा, मधूनमधून चाचण्या असलेला हा अभ्यास १ जुलै २०२१ पासून सुरू झाला. मात्र त्या वेळी प्राथमिक शाळा बंदच होत्या. मागच्या इयत्तेची उजळणी पीडीएफच्या रूपाने पालकांच्या मोबाइलवर गेली. ज्या घरात मोबाइल होता आणि वाचून दाखवणारे कुणी होते, तिथे तिचा उपयोग झाला. मुले प्रत्यक्ष वर्गात आली तेव्हा सेतूचे दिवस संपलेले होते आणि शिक्षकांसमोर पाठ्यक्रम उभा होता. साधन चांगले असूनही त्याची वेळ चुकली की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

शाळा बंद राहिल्याने मुलांचे नुकसान होते, हे सगळे मान्य करतात. शाळा उघडल्यावरही ते वाढत जाऊ शकते, इकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये पाकिस्तानच्या उत्तर भागात मोठा भूकंप झाला. तेथील शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. अंद्राबी, डॅनियल्स आणि दास या अभ्यासकांनी चार वर्षांनंतर पाहणी केली तेव्हा कुटुंबे आर्थिकदृष्ट्या सावरलेली होती, मुलांची पटावरची उपस्थितीही पूर्ववत होती. पण भूकंपरेषेजवळची मुले दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड इयत्तेने मागे होती. चौदा आठवड्यांच्या खंडातून दीड वर्षाची पिछाडी कशी निघते? अभ्यासकांनी मांडलेले एक संभाव्य कारण असे, की शाळा उघडल्यावर शिकवणे पाठ्यक्रमाच्या टप्प्यावरून सुरू झाले. जी मुले त्या टप्प्यावर नव्हती ती पुढच्या प्रत्येक वर्षी आणखी मागे पडत गेली. ज्यांच्या आईचे किमान प्राथमिक शिक्षण झालेले होते, ती मुले मात्र मागे राहिली नाहीत. शाळेने जे करायला हवे होते ते काही घरांतल्या आयांनी केले. हे वाचून प्राथमिक शिक्षकाला अस्वस्थ वाटले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

याच्या उलट बाजूला तमिळनाडू आहे. तेथील ग्रामीण भागातल्या सुमारे १९ हजार मुलांच्या अभ्यासात डिसेंबर २०२१ मध्ये मोठी तूट आढळली, भाषेपेक्षा गणितात अधिक. पण शाळा उघडल्यानंतरच्या सहा महिन्यांत त्यातली दोन-तृतीयांश भरून निघाली. भरून निघालेल्या भागापैकी जवळपास चौथा हिस्सा ‘इल्लम तेडी कल्वी’ या सरकारी उपक्रमाचा होता. गावातल्या स्वयंसेवकांनी संध्याकाळी मुलांना जमवून पायाभूत वाचन-गणित करून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप. यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे: बाकीचा तीन-चतुर्थांश भाग केवळ शाळा उघडल्यानेच भरून निघाला ना, मग वेगळ्या तयारीचा एवढा आग्रह कशाला? उत्तर असे, की शाळा उघडण्याचा लाभ खरोखरच मोठा असतो, पण जी एक-तृतीयांश तूट उरली तीही मुलांच्याच वाट्याला आली. आणि या उपक्रमाचा आधार गरीब घरांतल्या मुलांना अधिक मिळाला, तो नेहमीच्या वर्गातून तेवढा मिळाला नसता. ‘असर’ या पाहणीचे आकडेही हेच सुचवतात. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीतल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते, २०२२ मध्ये ते ४२.८ वर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ वर आले. सावरलो म्हणून समाधान मानण्याआधी लक्षात घ्यावे, की ही एकाच वर्गातली वेगवेगळी मुले आहेत. २०२२ मध्ये जे वाचू शकले नाहीत ते त्या वर्गातून केव्हाच पुढे गेले, आणि त्यांचे काय झाले हे पाचवीचा आकडा सांगत नाही.

मग शिक्षकांची तयारी करायची म्हणजे काय करायचे? आपल्याकडे याचे तयार उत्तर प्रशिक्षण हेच असते: दोन दिवस, पाच दिवस, हल्ली वेबिनार. बिहार आणि हरियाणातल्या अनुभवाने या उत्तराला मोठा धक्का दिला आहे, आणि तो आपण पुरेसा मनावर घेतलेला नाही. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या पद्धतीने महिनाभर शिबिरे घेतली, मुलांना इयत्तेने नव्हे, त्यांना काय येते त्यानुसार गटांत बसवले. मुलांच्या वाचनात स्पष्ट वाढ दिसली. पुढे शाळेच्या नेहमीच्या वर्षात सरकारी शिक्षकांना याच पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले, तेव्हा परिणाम जवळपास शून्य. शिक्षकांची कुवत किंवा इच्छा कमी होती असे म्हणायला जागा नाही, कारण उन्हाळ्यात त्यांनीच ते करून दाखवले होते. शाळा सुरू झाल्यावर त्यांच्यावर पाठ्यक्रमाचा दाब होता आणि शिबिरातले काम कधी करायचे हे कुणी ठरवून दिलेले नव्हते. हरियाणात २०१२-१३ मध्ये हीच उणीव दूर केली गेली. रोजचा एक तास या कामासाठी राखला, त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले पातळीनुसार बसवली, आणि ज्या पर्यवेक्षकांनी शिक्षकांना मदत करायची त्यांनी आधी स्वतः दोन-तीन आठवडे मुलांना शिकवले. भाषेत फरक पडला. यावरून आमचे मत असे झाले आहे, की पुन्हा उघडणाऱ्या शाळेतल्या शिक्षकाला सर्वांत आधी दोन गोष्टी हव्यात: मूल कुठे आहे हे पाहायला वेळ, आणि जे दिसेल त्याप्रमाणे वागण्याची अधिकृत मोकळीक. प्रशिक्षण त्यानंतर.

हा वेळ कसा वापरायचा, याचे एकच उदाहरण घेऊ. चौथीच्या वर्गाला ५२ वजा २७ हे गणित दिले. चाचणीच्या तक्त्यात उत्तर बरोबर किंवा चूक एवढेच चढते. पण शिक्षक खोलीत दोघे-तिघे बसून वह्या पाहू लागले की निराळे चित्र दिसते. एका मुलाने ३५ लिहिले आहे: त्याने सातातून दोन आणि पाचातून दोन वजा केले, म्हणजे मोठ्यातून लहान जायचे एवढेच त्याला ठाऊक आहे, दशक सुटा करणे त्याच्यापर्यंत पोचलेले नाही. दुसऱ्याने ७९ लिहिले आहे: त्याने बेरीज केली, त्याला चिन्ह ओळखता आले नाही, किंवा बेरीज तेवढी येते म्हणून केली. तिसऱ्याचे उत्तर २४ आहे आणि वहीच्या कडेला रेघोट्या आहेत: त्याला वजाबाकी कळते, पण तो एकेक मोजत उतरतो आणि एका ठिकाणी चुकतो. तिघांनाही शून्य गुण, पण तिघांना उद्या लागणारे शिकवणे वेगळे. पहिल्याला दशकाच्या काड्यांचे गठ्ठे सोडवायला हवेत, दुसऱ्याला वजाबाकीच्या गोष्टी, तिसऱ्याला थोडा सराव आणि कमी मोजावे लागेल अशी रीत. मोठ्या पटाच्या वर्गात हे एकट्या शिक्षकाला चालू तासात दिसत नाही. दोन सहकाऱ्यांबरोबर शांतपणे बसल्यावर ते तासाभरात दिसते. वाचनाचेही तसेच आहे. ‘मित्र’ हा शब्द ‘मित-र’ असा वाचणारे मूल आणि ‘मि’ला अडणारे मूल एकाच गटात घालता येत नाही. शिक्षकवर्गाची तयारी म्हणतो ती ही. तिला ना मोठा निधी लागतो, ना बाहेरचा तज्ज्ञ.

पाठ्यक्रम पूर्ण करणे हे कायद्याने घातलेले बंधन आहे, असे मुख्याध्यापक सांगतात, आणि ते खरे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये पाठ्यक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हटले आहे. पण त्याच कलमाचा लगेच पुढचा उपखंड वाचला जात नाही. प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता तपासून त्यानुसार जादा शिकवणे पुरवणे, हेही तितकेच कर्तव्य तिथे नोंदवले आहे. दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडायची तर शाळा उघडल्यावरचे पहिले तीन-चार आठवडे दुसऱ्यासाठी द्यावे लागतील. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास धरले आहेत. त्यातले वीस दिवस पाहण्यात आणि पाया घालण्यात गेले, तर उरलेल्या १८० दिवसांत जे शिकवाल ते निदान ऐकणाऱ्यापर्यंत पोचेल. पालक पुस्तक कधी उघडणार असे विचारतील. त्यांना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुलाची वही दाखवून समजावता येते, आणि पालकांना वहीतले कळते.

शाळा उघडताना मुले काय सोसून आली आहेत हे जाणणे, हाही तयारीचाच भाग आहे. साथीत आई किंवा वडील गमावलेली मुले वर्गात आली, शेजारच्या गावात मजुरीला जाऊन आलेली आली. शिक्षकांनीही माणसे गमावली होती. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणापासून तपासणी नाक्यांपर्यंत त्यांनी कामे केली होती, आणि त्यांना कसे आहात असे विचारणारी एक बैठकही फार थोड्या ठिकाणी झाली. आम्ही समुपदेशक नाही, हे शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे आणि तशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. पण कोणत्या मुलाच्या घरी काय घडले हे सर्वांना माहीत असणे, वर्गात सगळ्यांसमोर त्याला ते विचारायचे नाही असे ठरवणे, पहिले काही आठवडे त्या वर्गाचा शिक्षक न बदलणे, एवढे प्रत्येक शाळेच्या हातात असते.

सर्वांत अवघड आक्षेप द्विशिक्षकी शाळांचा आहे, आणि राज्याच्या खेड्यापाड्यांत अशा शाळा जागोजागी आहेत. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, त्यातला एक माहिती भरण्यात किंवा बैठकीला गेलेला. तिथे शिक्षकांनी एकत्र बसावे म्हणणे चेष्टा वाटू शकते. म्हणूनच ही जबाबदारी शाळांच्या समूहकेंद्रावर यायला हवी. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. उघडल्यानंतरच्या पहिल्या परिषदेत परिपत्रकांचे वाचन आणि सूचना बाजूला ठेवून शिक्षकांनी आपापल्या मुलांच्या वह्या घेऊन बसावे, आणि केंद्रप्रमुखांनी त्याआधी निदान आठवडाभर एखाद्या शाळेत स्वतः गट घेऊन पाहावा. हरियाणात नेमके याच क्रमाने काम झाले होते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे कायद्याचे कलम २७ म्हणते. शाळा उघडल्यानंतरच्या महिन्यात तरी, कायद्याने मोकळी ठेवलेली कामेही शक्य तिथे पुढे ढकलावीत, अशी मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरली तर तिला शैक्षणिक आधार आहे.

एक काम मात्र शाळा बंद होण्याच्या आधीचे आहे. मार्च २०२० मध्ये कोणते मूल काय वाचत होते याची नोंद फार थोड्या शाळांकडे होती. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये काय गेले हे मोजता आले नाही, फक्त काय नाही ते दिसले. वर्षातून तीनदा, पहिल्या आणि दुसऱ्या सत्राच्या अखेरीस आणि जूनमध्ये, प्रत्येक मुलापुढे एक ओळ: अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, संख्याज्ञान कुठवर, वजाबाकी हातच्याची की बिनहातच्याची. ही वही ऑनलाइन भरायची नाही, कुणाला पाठवायची नाही. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील आणि बदली होऊन जाणारा शिक्षक नव्याच्या हाती ती देऊन जाईल. शाळा उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात ती सुरू करता येईल.