डागडुजीच्या बाजूने

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस प्रीमियर पद्मिनी ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे तिची मुदत संपली. त्यानंतरच्या दिवसांत वृत्तपत्रांतून शोकलेखांचे जे पीक आले ते वाचकांना आठवत असेल. काळी-पिवळी, पावसाळी संध्याकाळ, मागच्या आसनावरचे प्रेम, हिंदी चित्रपटांतले प्रसंग असे सर्व साहित्य त्यांत यथासांग होते. एका युगाचा अंत झाल्याचे बहुतेकांनी जाहीर केले.

आमचा वाद या शोकलेखांशी आहे. टॅक्सी निवृत्त झाली याबद्दल आमची तक्रार नाही. दिवसभर रस्त्यावर धावणारे, सुरक्षेच्या आजच्या कोणत्याही कसोटीला न उतरणारे वाहन प्रवाशांच्या सेवेतून काढणे योग्यच होते. प्रश्न असा, की कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडून वीसहून अधिक वर्षे झालेली असताना ही गाडी २०२३ पर्यंत धावत होती कशी? ज्या वस्तूचा निर्माता तिचे उत्पादन थांबवून मोकळा झाला, ती वस्तू दोन दशके कोणी चालती ठेवली? शोकलेखांना हा प्रश्न सुचला नाही. वस्तू जिवंत असेपर्यंत तिच्याकडे ढुंकून पाहायचे नाही आणि मेल्यावर तिचे रूपक करायचे, ही आपल्या साहित्यिक वर्गाची जुनी खोड आहे.

आमच्यापैकी एकाच्या इमारतीखाली १९८६ सालची पद्मिनी आहे आणि आम्ही काही अध्यापक रविवारी तिची निगा राखतो. या उद्योगाकडे आमचे सहकारी दोन प्रकारे पाहतात. काहींना ते स्मरणरंजन वाटते, काही जण आपुलकीने विचारतात, "पूर्ण नवी करकरीत कधी करणार?" पहिल्यांच्या मते गाडी भंगारात जायला हवी, दुसऱ्यांच्या मते प्रदर्शनात. दोघांच्याही मनात एक गोष्ट पक्की आहे, की जुनी वस्तू रोजच्या वापरात असण्याला काही अर्थ नाही. या समजुतीविरुद्ध हा लेख आहे.

आधी गाडीविषयी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बांधली. १९६४ मध्ये ती 'डिलाइट' झाली, पुढे 'प्रेसिडेंट' आणि सत्तरच्या दशकात 'पद्मिनी'. कंपनी नावे बदलत राहिली. लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि संगणक कोठेही नाही. बॉनेट उघडले की सगळे डोळ्यांसमोर असते. गाडी सुरू होत नसेल तर पहिले प्रश्न दोनच: ठिणगी पडते का, आणि पेट्रोल येते का? ठिणगी नसेल तर प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट या क्रमाने मागे जायचे. पेट्रोल नसेल तर कार्ब्युरेटर, पंप, टाकी या क्रमाने. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतली; ती फिलर गेजने मोजायची. इंजिन थंड असताना टॅपेट सेट करायचे. पुढच्या चाकांच्या किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस भरायचे. एक कारण गृहीत धरून ते तपासायचे, चुकले तर सोडून पुढचे धरायचे, ही शिस्त संहितेच्या बारकाईने केलेल्या वाचनाहून फारशी वेगळी नाही. फरक इतकाच, की येथे चुकीच्या अन्वयार्थावर शोधनिबंध छापून येत नाही. गाडी सुरूच होत नाही.

मात्र डागडुजीचा खरा शत्रू गंज. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. पायाखालच्या रबरी चटईखाली ओल राहिली की पत्रा चाळणीसारखा होतो. त्यावर दोन उपाय असतात. एक, कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा आणि आतून गंजरोधक लावायचे. दुसरा, वरून लांबी भरायची, घासायची आणि चकाकता रंग मारायचा. दुसऱ्या उपायाने गाडी पहिल्या दिवशी अधिक सुंदर दिसते. दोन पावसाळ्यांनंतर लांबीचे पोपडे पडतात आणि खालून पत्र्याऐवजी पोकळी निघते. आपल्याकडे जीर्णोद्धार या नावाने जे चालते, मग ते मंदिरांचे असो, वाड्यांचे असो वा गाड्यांचे, त्यातले पुष्कळसे या दुसऱ्या जातीचे असते.

'मूळ रूप' या शब्दाभोवती तर मोठाच गोंधळ आहे. एक पंथ जुन्या फियाटमध्ये परदेशी इंजिन, वातानुकूलन आणि रुंद चाके बसवतो आणि वरचे टरफल तेवढे जुने ठेवतो. दुसरा पंथ प्रत्येक नटला कारखान्यातल्यापेक्षाही अधिक झिलई देऊन गाडी झाकून ठेवतो आणि वर्षातून एकदा ट्रेलरवर घालून मिरवायला नेतो. दोघे परस्परांचा तिरस्कार करतात. पण गाडीच्या अंगावर साचलेली तीस-चाळीस वर्षे पुसून टाकण्याची घाई दोघांनाही सारखीच झालेली असते.

मराठीच्या अध्यापकाला या वादात निवाडा मागण्यासाठी रस्किनपर्यंत जाण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. सुमारे तीनशे वर्षे नकलांच्या नकला होताना पोथीत अपपाठ शिरले होते. नाथ स्वतः समर्थ कवी; भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका त्याआधीच पूर्ण झाली होती. मनात आणते तर ओव्या 'सुधारणे' त्यांना सहज जमले असते. त्यांनी अपपाठ दूर केले आणि पुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. हे सारे त्यांनी केले ते ग्रंथ वाचला जावा म्हणून. पारायणात राहिला म्हणून तो टिकला. झिजलेले तेवढेच बदलावे, धड आहे त्याला हात लावू नये, आपली कारागिरी मिरवू नये आणि वस्तू पुन्हा वापरात द्यावी: डागडुजीचे याहून निराळे शास्त्र आम्हांस ठाऊक नाही.

यावर कोणी विचारील, की झिजलेला भाग मिळतच नसेल तर? तेव्हा विवेक लागतो. उदाहरण घरचेच आहे. २०२५ सालापासून आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रतीच्या रबरी नळ्या व पंपातला पडदा खराब करते. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर कार्ब्युरेटरमध्ये साका धरतो. ज्या उसावर महाराष्ट्राचे सहकारी राजकारण पोसले गेले, त्याच उसाचा अर्क आता महाराष्ट्रात जन्मलेल्या या गाडीच्या नळ्या खातो आहे. येथे मूळच्या रबराचा आग्रह धरणे म्हणजे गाडीला आग लागण्याची वाट पाहणे होय. इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या रबराची नळी बसवावी, जुनी निघाली त्याची नोंद वहीत करावी आणि गाडी आठवड्यातून एकदा चालवावी. पाठभेदाची नोंद तळटीपेत करतात, तसेच हे.

कायद्याची दृष्टी मात्र आमच्या सहकाऱ्यांसारखीच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जुनी वाहने भंगारात काढण्याचे धोरण आले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये 'व्हिंटेज' वाहनांचे नियम आले होते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत बसते. अशा गाडीला वेगळा क्रमांक मिळतो. पण प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांपलीकडे ती नित्य वापरायला बंदी आहे. आमची १९८६ ची गाडी २०३६ पर्यंत या कक्षेतच येत नाही. तोवर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करायचे, ज्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. तपासणीला आमची हरकत नाही. ती कडकच असावी. पण जी गाडी दर पाच वर्षांनी तपासणीत उत्तीर्ण होत आली, ती पन्नाशी गाठताच वारसा म्हणून गौरवायची आणि त्याच दिवसापासून तिचे चालणे बंद करायचे, हा कोणता न्याय? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फीवा'ने, २०१२ साली संमत केलेली तुरिनची सनद जपणुकीला पुनर्निर्मितीपेक्षा वरचे स्थान देते आणि वाहन वापरात राहणे हा जपणुकीचाच भाग मानते. आमच्याकडे भंगार आणि संग्रहालय यांच्या मधली जागाच शिल्लक ठेवलेली नाही.

ही जागा शिल्लक का नाही, याचे उत्तर केवळ कायद्यात मिळणार नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला आणि मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाने तो वाचलेला असतो. लोहार-सुतारांशिवाय गाव चालत नव्हते, आणि तरीही मानाच्या पायरीवर लोखंडाला हात लावणारा खालीच होता. ही उतरंड आपण पुस्तकांतून शिकवतो आणि आचरणात जपतो. वस्तू विकत घेणारा प्रतिष्ठित, तिच्यावर लेख लिहिणारा त्याहून प्रतिष्ठित; ती दुरुस्त करणारा 'तो मिस्त्री'. त्याचे नावही शोकलेखात येत नाही. पद्मिनी ज्या कुर्ल्यात जन्मली त्याच कुर्ल्यातल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून, पुण्यातल्या नाना पेठेतून आणि गावोगावच्या पत्र्याच्या गॅरेजांतून जे ज्ञान हिंडत होते, त्यानेच ही गाडी दोन दशके जगवली. आम्हांला जे थोडे येते तेही एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेले. इंजिनाच्या आवाजावरून कोणता टॅपेट सैल आहे ते त्यांना कळते. हे ज्ञान कोणत्याही मराठी पुस्तकात आम्हांस सापडलेले नाही.

आमच्यावरचा सर्वांत खरा आक्षेप येथेच उभा राहतो. हा पगारदारांचा रविवारचा खेळ आहे, असे एका विद्यार्थिनीने आम्हांस तोंडावर सांगितले. वाहनतळ, सुटीचा दिवस आणि महिन्याचा पगार यांच्याशिवाय तो खेळता येत नाही हे तिचे म्हणणे आम्ही मान्य करतो. मिस्त्रींसाठी तीच गोष्ट पोटाची आहे. पण यातून निष्कर्ष निघतो तो हात आखडते घेण्याचा नाही. ज्यांच्यापाशी सवड आहे आणि लिहिण्याचे प्रशिक्षणही आहे, त्यांच्यावर या ज्ञानाची नोंद ठेवण्याची जबाबदारी अधिक येते.

म्हणून मराठी विभागांकडे आमची एक साधी मागणी आहे. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि त्याने परिभाषा कोश केले; ते कार्यालयांत गेले, गॅरेजात पोहोचले नाहीत. गॅरेजाने आपली परिभाषा स्वतःच घडवली: बोल्टचे 'आटे' जातात, दोन भागांमध्ये 'पॅकिंग' बसते, नटाखाली 'वायसर' लागतो, खड्ड्यात 'लांबी' भरतात. यांतले काही शब्द देशी, काही इंग्रजीतून घासून-पुसून आपले झालेले. हे शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांच्यामागची कृती जमा करणे हा पदव्युत्तर प्रकल्पाचा उत्तम विषय आहे. आणखी दहा वर्षांनी त्यावर फक्त शोकलेख लिहिता येईल. विद्यार्थ्यांना वही-पेन देऊन एक शनिवार जवळच्या गॅरेजात पाठवावे, आणि मिस्त्री पाना हातात देतील तेव्हा तो धरण्यास सांगावे.