हुकूम नव्हे, सल्ला

मराठीत आपण 'सल्ला' म्हणतो, कन्नडात 'सलहे'. दोन्ही शब्दांचे माहेर एकच, अरबी-फारसीचे. आमच्या गल्लीतल्या सुभेदारकाकांच्या घरी दोन्ही चालतात, कारण सून धारवाडची. पण मध्यंतरी महिनाभर त्या घरात ना सल्ला होता ना सलहे. होता फक्त अबोला. मुलाने चांगली नोकरी सोडून दुकान काढायचे ठरवले. काकांनी 'नको' म्हटले. मुलाने तरीही काढले.

"अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढली, सर. माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. आणि आता घरात ही किंमत!" काका एका संध्याकाळी माझ्याकडे बसून म्हणाले.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे असे काका इथे गल्लोगल्ली भेटतात. हुकमाची सवय लागलेल्या माणसाला सल्ल्याची सवय लावून घेणे किती जड जाते, हे आपण पाहतोच. म्हणून मी त्यांना एका फौजी माणसाचीच हकीकत सांगितली.

मेजर जनरल इंदरजित रिख्ये यांचा जन्म 1920 सालचा, लाहोरचा. घोडदळाची परंपरा असलेल्या सहाव्या लान्सर्समधून ते दुसऱ्या महायुद्धात लढले. 1957 मध्ये गाझा पट्टीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय तुकडी घेऊन गेले आणि पुढे त्या सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. इथपर्यंत सगळे काकांच्या ओळखीचे होते: वर्दी, तुकडी, हुकूम.

1960 च्या जुलैत मात्र त्यांचे आयुष्य बदलले. आफ्रिकेतला काँगो 30 जूनला स्वतंत्र झाला आणि काही दिवसांतच तिथल्या सैन्यात बंड झाले. संयुक्त राष्ट्रांना तिथे फौज पाठवणे भाग पडले. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड मुत्सद्दी होते, सैनिक नव्हते. त्यांनी रिख्ये यांना आपले लष्करी सल्लागार म्हणून न्यूयॉर्कला बोलावून घेतले. सैन्य किती लागेल, ते पोचवायचे कसे, त्याच्याकडून काय होईल आणि काय होणार नाही, हे सल्लागाराने सांगायचे. निर्णय सरचिटणिसांचा. सल्लागाराच्या शब्दावर एक जवानसुद्धा आपणहून हलायचा नाही.

1961 च्या सप्टेंबरात हॅमरशोल्ड विमान अपघातात गेले. त्यांच्या जागी आलेल्या ऊ थांट यांनीही रिख्ये यांनाच जवळ ठेवले. क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आले, तेव्हा ऑक्टोबर 1962 च्या अखेरीस ऊ थांट हवानाला गेले. त्यांच्याबरोबर रिख्येही होते. क्षेपणास्त्रे खरोखर हलवली की नाही याची तपासणी आपल्या भूमीवर होऊ द्यायला कॅस्ट्रो यांनी साफ नकार दिला. जाणकार सल्लागार सोबत असूनही मंडळींना तपासणीविना परतावे लागले.

पुढे 1966 मध्ये गाझातल्या त्याच शांतिसेनेचे ते प्रमुख झाले. 16 मे 1967 च्या रात्री इजिप्तच्या सेनाप्रमुखांचे पत्र त्यांच्या हातात पडले: सीमेवरच्या चौक्या सोडा. रिख्ये यांनी सांगितले, हा अधिकार माझा नाही. मी सरचिटणिसांना कळवतो. दोन दिवसांत वरून माघारीचा निर्णय आला आणि तो त्यांनी पाळला. 5 जूनला युद्ध पेटले, तेव्हा माघारीच्या वाटेवर असलेले भारतीय जवानही गाझात मारले गेले.

एखादा माणूस इथे कायमचा कडवट झाला असता. रिख्ये यांनी 1970 मध्ये न्यूयॉर्कला इंटरनॅशनल पीस अकॅडमी स्थापन केली आणि पुढची वीस वर्षे सैनिकांना नि मुत्सद्द्यांना एकत्र बसवून शांतिसेनेचे काम शिकवले. सायनायच्या त्या प्रसंगावर पुस्तक लिहिले, 'द सायनाय ब्लंडर'. सल्लागारपदाच्या दिवसांवरचे पुस्तक 1993 मध्ये आले. 2007 मध्ये ते वारले.

"म्हणजे सर," काका थोड्या वेळाने म्हणाले, "फौज दुसऱ्याची, निर्णय दुसऱ्याचा, आणि आपण नुसतं सांगायचं?"

"नुसतं नाही काका. खरं ते सांगायचं, वेळेवर सांगायचं. आणि ऐकलं नाही तरी खोली सोडून जायचं नाही."

काका काही न बोलता चपला घालून निघून गेले. मला वाटले, रागावले.

गेल्या रविवारी त्या दुकानावरून जात होतो. काका गल्ल्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते. मी विचारले, "काय काका, कमांड घेतली वाटतं?"

"छे! दुकान पोराचं आहे. त्यानं विचारलं तर सांगतो."

तेवढ्यात सुनेने आतून हाक मारली, "मावा, चहा!"