सगळं एकदम ओतणाऱ्यांनो...

'एका भांड्यातली चिकन चिली' म्हणजे सगळं एकदम ओतायचं, हे इथे अमेरिकेत आपल्या मंडळींना कुणी शिकवलं देव जाणे! सकाळी स्लो कुकरमध्ये चिकन, टोमॅटो, मसाला आणि कोरडा राजमा टाकायचा नि ऑफिसला पळायचं. वर "वीकडेला एवढंच जमतं" हे आहेच.

अहो, फोडणीशिवाय आमटी कराल का? कांदा, लसूण, जिरेपूड, तिखट आधी तेलात परता. त्याच भांड्यात, पाच-सात मिनिटं.

एक वेळ चव गेली तरी चालेल, पण राजम्याचं मला खरंच भय वाटतं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. स्लो कुकर पुरेसा तापत नाही. दाणे मऊ लागले तरी ते उरू शकतं. मग उलट्या, जुलाब! राजमा किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळा आणि मगच चिलीत घाला. (टेक्सासचे कर्मठ चिलीत राजमाच घालू देत नाहीत, तो वाद वेगळा. असो.)

वेळ नाही? मग डब्यातला घ्या की, तो शिजलेलाच असतो. डबा उघडायला मिनिटसुद्धा लागत नाही.