पोर्शेच्या नाकातला पाचोळा

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवाल्याकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. मशीन थांबलं, चहा आला, की तो आधी बॉनेट उघडतो. रेडिएटरच्या पुढे खाचेत बसवलेली जाळी वर ओढून काढतो, टायरवर दोनदा आपटतो, भुसा झाडतो आणि पुन्हा सरकवून देतो. दोन मिनिटांचं काम. त्याला पाना लागत नाही, मेकॅनिक लागत नाही. ट्रॅक्टर बनवणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं की हे यंत्र भुशात आणि धुळीत राबणार, तेव्हा रेडिएटरला पडदा हवा आणि तो हाताने काढता यायला हवा.

आता जर्मनीतल्या पोर्शे कंपनीच्या स्पोर्ट्‌स कार बघा. १९९६ साली आलेली बॉक्स्टर, तिची ९८६ ही पहिली पिढी. आणि तिच्या पाठोपाठ १९९७ साली आलेली ९११ ची ९९६ ही पिढी. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत हवेसाठी मोठाली तोंडं, त्यांच्या आत रेडिएटर, आणि तोंडावर काय, तर प्लॅस्टिकच्या एक-दोन आडव्या पट्ट्या. मूठभर पानं सहज आत जातील एवढ्या फटी. जाळी नाही. जगभरचे मालक गेली पंचवीस वर्षं आपापल्या खर्चाने तिथे जाळी बसवताहेत. माझं मत असं की त्यांनी ती बसवावीच. आणि ती कारखान्यातूनच बसून यायला हवी होती.

कोणी म्हणेल, पोर्शेवाल्यांची काळजी आपण कशाला करायची? आपल्याकडे ही गाडी म्हणजे कोटीची बात. पण इंग्लंडात तसं नाही. तिथे जुनी बॉक्स्टर एखाद्या साध्या सेकंडहँड मोटारीच्या भावात मिळते. रत्नागिरी-रायगडकडची आपली किती तरी कुटुंबं तिकडे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. त्यांच्यातली तरुण मुलं अशा गाड्या घेतात, शनिवार-रविवारी स्वतः खोलतात. माझ्या एका आतेभावाच्या मुलाने मला विचारलं, "चाचा, जाळी लावू की नको? कोणी म्हणतं इंजिन गरम होईल, कोणी म्हणतं लावलीच पाहिजे." त्याला जे उत्तर दिलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे रेडिएटर पुढे आले कसे ते समजून घ्यायला हवं. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९११ पहिल्यांदा दिसली तेव्हा तिला पाण्याचा रेडिएटरच नव्हता. इंजिन मागे, त्याच्या डोक्यावर मोठा पंखा, आणि हवेनेच इंजिन गार. ही पद्धत १९९८ पर्यंत चालली. पण धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत गेले, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर हवेने ते डोकं गार राहीना. कंपनी पाण्याकडे वळली. इंजिन मात्र मागेच राहिलं. मागे रेडिएटरला हवा कुठून मिळणार? म्हणून रेडिएटर गेले थेट पुढे, चाकांच्या पुढच्या कोपऱ्यांत, आणि गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळ्यांनी पाणी पुढेमागे फिरू लागलं. बॉक्स्टर एस आणि ९११ टर्बोमध्ये मधोमध तिसराही रेडिएटर आहे.

हवेचा रस्ता असा: बंपरच्या तोंडातून आत, मग एसीचा कंडेन्सर, मग बोटभर रुंदीची फट, मग रेडिएटर, मग पंखा, आणि चाकाच्या पुढून खाली बाहेर. सगळी गोम त्या बोटभर फटीत आहे. गाडी जमिनीलगत धावते. रस्त्याच्या कडेला पडलेली पानं, काटक्या, सिगारेटची थोटकं, प्लॅस्टिकचे तुकडे या तोंडांत ओढले जातात. काही कंडेन्सरच्या तोंडावर बसतात, काही कडेने त्याच्या मागे शिरतात. तिथून बाहेर पडायला वाट नाही. पुढच्या पावसात ती भिजतात, पुढच्या हिवाळ्यात कुजतात. वर्षानुवर्षं न उघडलेल्या बंपरच्या आत जे निघतं त्याला पाचोळा म्हणणंही बरोबर नाही, ते चक्क खत असतं.

इथे लोकांची एक समजूत चुकते. त्यांना वाटतं, हवा अडली की काटा वर चढेल आणि आपल्याला कळेल. तसं होत नाही. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट बसलेला असतो. रेडिएटरची ताकद थोडी कमी झाली तर तो जास्त उघडतो, जास्त पाणी पुढे सोडतो, आणि काटा होता तिथेच राहतो. नव्या गाडीत उन्हाळ्यासाठी, चढासाठी, रहदारीसाठी जी राखीव ताकद ठेवलेली असते ती गुपचूप खर्च होत असते. ती संपली की मग एखाद्या दुपारी, रहदारीत उभं असताना, एसी चालू असताना, काटा एकदम वर जातो. तोपर्यंत पाचोळा चार-पाच वर्षांचा झालेला असतो.

आणि खरं नुकसान उष्णतेचं नाहीच, गंजाचं आहे. इंग्लंड-जर्मनीत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ओली पानं स्पंजासारखी ते खारं पाणी धरून ठेवतात, तेही थेट अॅल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पाकळ्यांना चिकटून. सगळ्यात आधी जातो कंडेन्सर. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, एसीचा गॅस उडून जातो. मालक गॅस भरून आणतो, दोन महिन्यांनी पुन्हा उडतो, पुन्हा भरतो. दरवेळी पैसे गॅसचे जातात आणि कारण मात्र बंपरमागे ओल धरून बसलेलं असतं. कंडेन्सर गेल्यावर पाळी रेडिएटरची. पंख्यांचीही सुटका नाही. त्यांच्या मंद गतीसाठीचा रेझिस्टर तिथेच पुढे, त्याच ओलाव्यात बसवलेला आहे.

पूर्वी निदान दुरुस्तीचा मार्ग होता. आपल्या प्रत्येक गावात, बहुतेक करून आपल्याच मोहल्ल्यात, एखादा रेडिएटरवाला असायचा. पितळेच्या टाक्या, तांब्याची जाळी. तो टाकी उकलायचा, सळई घालून नळ्या साफ करायचा, गळती असेल तिथे डाग द्यायचा, आणि हौदात बुडवून बुडबुडे बघायचा. ते रेडिएटर माणसाच्या हातात राहायचे. आताचे अॅल्युमिनियमचे, त्यांना प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या. त्यांना तसा डाग देता येत नाही. गळला की फेका आणि नवा आणा. त्या कारागिरांची मुलं आता नवे रेडिएटर बसवण्याचं काम करतात, जोडण्याचं नाही. म्हणूनच मला जाळीचा प्रश्न छोटा वाटत नाही. जी वस्तू दुरुस्त होत नाही तिचं संरक्षण तरी बनवणाऱ्याने करायला नको का?

कंपनीला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. तिच्या स्वतःच्या सर्व्हिसच्या यादीत पुढचे रेडिएटर आणि हवेची तोंडं घाणीने भरली आहेत का ते डोळ्यांनी बघा, असं काम लिहिलेलं आहे. पण डोळ्यांनी दिसतं काय? बाहेरून वाकून पाहिलं तर फक्त कंडेन्सरचं तोंड दिसतं. त्यामागची फट दिसायला पूर्ण बंपर काढावा लागतो. बघणारा टॉर्च मारतो, यादीत खूण करतो, गाडी बाहेर येते. वॉरंटीच्या काळात पाचोळा साचायला नुकतीच सुरुवात झालेली असते. बिल येतं ते दहा-बारा वर्षांनी, ज्याने गाडी तिसऱ्या हातातून घेतली त्याला.

जाळीच्या विरोधात जे बोललं जातं त्यात मात्र काही तथ्य आहे, ते टाळून चालणार नाही. जाळी हवा अडवते हे खरंच आहे. हिशेब साधा आहे. तार १ मिलिमीटर जाड आणि भोक ६ मिलिमीटरचं असेल तर सुमारे ७३ टक्के जागा उघडी राहते. तीच तार आणि भोक ३ मिलिमीटरचं केलं तर उघडी जागा ५६ टक्क्यांवर येते. हवा नेमकी त्याच प्रमाणात कमी होते असं नाही, कारण हवेला खरा अडथळा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या दाट पाकळ्यांचाच असतो. मोकळी जाळी त्यात थोडीशी भर घालते. पण बारीक जाळीवर उन्हाळ्याच्या संध्याकाळी किड्यांचा लेप बसतो आणि मग ती जाळी राहत नाही, भिंत होते. म्हणून मच्छरदाणीसारखी जाळी लावणाऱ्यांचं ऐकू नये. पान अडलं पाहिजे, धूळ आणि किडा गेला तरी चालेल. मध्यम भोकाची जाळी पुरते.

अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींत एक गंमत दिसते. खाऊच्या पाकिटाचा कागद उडून गाडीच्या तोंडावर चिकटला की इंजिन तापू लागतं. मग ड्रायव्हर मुद्दाम पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटतो, त्यामुळे समोरच्या हवेचा जोर कमी होतो आणि कागद गळून पडतो. तिथे तोंडावर अडकलेली वस्तू निदान बाहेर तरी असते. बंपरच्या आत गेलेल्या पानासाठी असला कोणताही डाव नाही. जाळीचा खरा फायदा तोच आहे: घाण बाहेर थांबते, दिसते आणि हाताने काढता येते.

रूप बिघडतं, हा आक्षेप मला पटत नाही. काळी जाळी काळ्या पोकळीत असते, चार पावलांवरून ती दिसतही नाही. आणि दिसली तर दिसू द्या.

तर त्या मुलाला मी सांगितलं ते असं. आधी जाळी आणू नकोस, आधी बंपर काढ. साचलेल्या खतावर जाळी लावणं म्हणजे चोर आत असताना दाराला कुलूप. बंपरचे स्क्रू पुढच्या डिकीच्या झाकणाखाली, चाकांच्या खोबणीत आणि खालच्या बाजूला असतात. एका दुपारचं काम आहे. कंडेन्सर त्याच्या नळ्या न सोडता, फक्त स्क्रू काढून, अलगद पुढे ओढता येतो. नळी सोडलीस तर गॅस जाईल, ते करायचं नाही. फटीतला पाचोळा व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने काढ. मग मागून पुढे, हलक्या धारेने पाणी. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाला तिथे हात लावू नकोस, त्या पाकळ्या एका फटक्यात आडव्या होतात आणि मग हवा कायमची बंद. कंडेन्सरवर पांढरी पूड किंवा तेलकट ओला डाग दिसला तर तो गळायच्या वाटेवर आहे किंवा गळतोच आहे, हे समजून जा. बंपर उघडाच आहे तर एसी चालू करून दोन्ही बाजूंचे पंखे मंद गतीने फिरतात का तेही बघ. एक फिरत नसेल तर रेझिस्टर तपास.

मग जाळी. तयार संच मिळतात, मापाचे असतात, स्टेनलेसचे असतात. पैसे वाचवायचे असतील तर तिकडे घराच्या पन्हाळीत पानं जाऊ नयेत म्हणून जी अॅल्युमिनियमची जाळी मिळते ती कापून, काळा रंग मारून, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधणारेही पुष्कळ आहेत आणि ती चालते. साधी लोखंडी जाळी नको, एका हिवाळ्यात गंजते. स्टेनलेस असेल तर ती बंपरच्या प्लॅस्टिकला बांध, कंडेन्सरला टेकवू नकोस. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यात भिजले की अॅल्युमिनियम झपाट्याने झिजतं, म्हणजे ज्याला वाचवायला गेलो त्यालाच खाल्लं.

जाळी अशी बांध की हाताने निघेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पानगळ ऐन भरात असताना, दर आठवड्याला गाडी धुताना एकदा तिथे हात फिरव. झाडाखाली उभी करत असशील तर जास्त वेळा. आणि पाच-सहा वर्षांनी का होईना, जाळी असली तरी, बंपर पुन्हा एकदा काढ. बारीक तुकडे आणि धूळ आत जातच राहणार.

त्याने परवा फोटो पाठवलेत. एका बाजूची जाळी बसलीय, दुसऱ्या बाजूचा एक स्क्रू गंजून अडकलाय, त्याला तेल सोडून ठेवलंय म्हणतो.