घोडी पक्की, तर टाच शाबूत
वाशिम, रिसोड, कारंज्यात गिलाव्याचे काम अजूनही बरेचदा दोन ड्रमांवर टाकलेल्या फळीवरून चालते. स्वस्त पडते म्हणे! सहा फुटांवरून पडणारा मिस्त्री ताशी सुमारे २१ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. पायांवर पडला तर टाचेचे हाड फुटते, कधी कमरेचा मणकाही दबतो. मजुरी कित्येक महिने बंद. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. चौघांच्या घरकामापर्यंत तो पोहोचला नाही. म्हणून सुरक्षितता अवजारातच हवी. घडीची लोखंडी घोडी गावातला वेल्डिंगवालाही बनवील: खाली फाकलेले पाय, ते आणखी पसरू न देणारी साखळी, बिजागरीला पक्की कडी, तळाला रबर. वजन मात्र एकट्याला उचलण्याजोगे असावे. नाहीतर घोडी घरी राहते आणि कामावर पुन्हा ड्रमच येतात.