प्राथमिक शिक्षक व्हावे कसे?

बारावीचा निकाल लागला की मालाडच्या कुरार किंवा मालवणीसारख्या वस्तीतील बेताच्या उत्पन्नाच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो : मुलीला डी.एड.ला घालावे काय? अभ्यासक्रमाचे नाव आता डी.एल.एड. झाले असले तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे आणि त्या नावाभोवतीची जुनी आशाही अद्याप पुरती विझलेली नाही. दोन वर्षांचे शिक्षण, नंतर शाळेतील कायम नोकरी आणि समाजात मान, असा हा सरळ हिशेब होता. त्याही पूर्वी व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला मुलगा पी.टी.सी. करून शाळेत रुजू होई. आज प्रवेश मिळणे फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते प्रवेशानंतरचे सारे.

ही वाट आज कशी आहे ते प्रथम पाहू. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास बारावीला ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यास ४४.५ टक्के गुण असले की तो प्रवेशास पात्र ठरतो. दोन वर्षांची पदविका हाती आली की शिक्षक पात्रता परीक्षा द्यावयाची. पहिली ते पाचवीसाठी तिचा पहिला पेपर दीडशे गुणांचा असून उत्तीर्ण होण्यास साठ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्या गुणांवर ‘पवित्र’ प्रणालीतून निवड व्हावयाची. निवड झाल्यावरही तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काम करावयाचे. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन महिना तीन हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. मुंबईत सोळा हजारांत घर कसे चालते, हे मालाडच्या वाचकांना सांगावयास नको.

या पायऱ्यांतील एकही पायरी अन्याय्य नाही, असे वादापुरते मान्य करू. अन्याय आहे तो दोन पायऱ्यांमधील अंतरात. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा २०२३ च्या प्रारंभी आणि तिसऱ्यांदा २०२५ मध्ये. आता एक साधे गणित मांडावे. २०१६ साली अठराव्या वर्षी बारावी झालेली मुलगी २०१८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडली. पहिली चाचणी नुकतीच होऊन गेलेली. दुसरीसाठी तिला पाच वर्षे थांबावे लागले. त्या चाचणीवरील नियुक्त्या २०२४ मध्ये होऊ लागल्या. पहिल्याच फेरीत नाव लागले, तरी शिक्षण सेवकाचा काळ संपून ती कायम होणार २०२७ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. दोन वर्षांच्या पदविकेपासून कायम नोकरीपर्यंत नऊ वर्षे! मधल्या काळात खासगी शिकवण्या घ्याव्यात, दुकानात हिशेब लिहावेत, की लग्न करून हा विचारच सोडून द्यावा, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नाही.

ही अवस्था ओढवली कशी? दोन हजारच्या दशकात विनाअनुदानित अध्यापक विद्यालयांना मुक्तहस्ते परवानग्या मिळाल्या आणि राज्यातील अशा विद्यालयांची संख्या हजारावर गेली. राज्याला दरवर्षी किती शिक्षक लागणार आणि विद्यालयांतून किती बाहेर पडणार, यांचा मेळ कोणी घातला नाही. संस्थांना शुल्क मिळत राहिले, पदविकाधारकांचे तांडे वाढत राहिले. पुढे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरतीवर निर्बंध घातले आणि सारा डोलारा कोसळला. विद्यार्थी फिरकेनासे झाले, वर्ग ओस पडले, विद्यालये बंद होऊ लागली. पात्रता परीक्षेचीही अब्रू राहिली नाही. जानेवारी २०२० च्या परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर साडेसात हजारांहून अधिक उमेदवार बाद ठरले. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करावी.

भरीस भर म्हणून नियमही स्थिर नाहीत. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड. धारकांना प्राथमिक वर्गांची दारे उघडली. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. लहान मुलांना शिकविणे हे स्वतंत्र कौशल्य असून त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण हवे, हे तत्त्व त्या निकालाने उचलून धरले, आणि ते योग्यच होय. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक केली. दुसरीकडे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता व्हावी. म्हणजे न्यायालयाने ज्या पदविकेचे महत्त्व नुकतेच मान्य केले, तिचे भवितव्य धोरणाने टांगणीला लावले आहे. मग आज बारावी झालेल्या मुलीने दोन वर्षांची वाट धरावी की चार वर्षांची?

दीर्घ प्रशिक्षणाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु हा केवळ अभ्यासक्रमाच्या लांबीचा प्रश्न नव्हे; शिक्षक कोणत्या घरांतून येणार, याचाही तो प्रश्न आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना पुरेसे वेतन असावे, अशी मागणी केली होती. वर्गातील मुलांचे जगणे ज्याने स्वतः पाहिले आहे असा शिक्षक त्यांना हवा, हा विचार आजही जुना झालेला नाही. चार वर्षांची पदवी, वर प्रवेश परीक्षा, वर नोकरीची अनिश्चितता, हा भार मालवणीच्या रिक्षाचालकाच्या मुलीला पेलणार नसेल, तर शिक्षकांची पदवी उंच होईल. पण शाळा मात्र वस्तीपासून दूर जाईल.

मुंबईत आणखी एक अडचण आहे ती माध्यमाची. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवीत आली आहे. मराठी शाळांतील पट घसरत आहे आणि पालकांची ओढ इंग्रजीकडे आहे. पदविकेचे माध्यम निवडतानाच उद्याच्या नोकरीचा निम्मा निर्णय होऊन जातो, हे अठरा वर्षांच्या मुलीला कोणी सांगत नाही. महापालिकेच्या इंग्रजी शाळांसाठी निवड होऊनही, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले म्हणून काही उमेदवारांना नियुक्ती नाकारली गेली. इंग्रजी येते की नाही हे चाचणी घेऊन ठरवावे. दहावीचे माध्यम पाहून ठरविणे हा मराठी शाळेवरच अविश्वास होय.

शासनाला अशक्य असे काही करावयाचे नाही. बारावीच्या निकालापूर्वी, पुढील तीन वर्षांत जिल्हावार व माध्यमवार किती जागा रिक्त होणार, हे जाहीर करावे आणि पदविकेच्या जागा त्या प्रमाणात ठेवाव्यात. अभियोग्यता चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यावी. चार वर्षांची पदवी आणावयाचीच असेल, तर पदविकाधारकांना पुढील दोन वर्षांत ती पूर्ण करण्याची सोय द्यावी आणि गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांच्या जन्मतारखा शासनाच्या दप्तरात आहेत; तेव्हा रिक्त जागांचा अंदाज बांधणे हे ज्योतिषाचे काम नव्हे, कारकुनीचे आहे. ते वेळेवर होत नाही, म्हणून मुलांच्या वर्गात शिक्षक नाही आणि शिक्षकाच्या हातात वर्ग नाही, अशी विपरीत स्थिती निर्माण होते. ती पालटेपर्यंत पालकांनी मुलीला डी.एड.ला जरूर घालावे; मात्र पदविकेबरोबर तिच्या पदवीचाही विचार करावा, माध्यम डोळसपणे निवडावे आणि भरतीचे वेळापत्रक कोठे आहे, हा प्रश्न दारी येणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीस विचारावा.