डॉगवूड तोडण्याआधी खाली वाकून बघा

न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना इथल्या ज्या मराठी घरांच्या अंगणात डॉगवूड आहे, त्या सगळ्यांना कळकळीची विनंती: येत्या शनिवारी-रविवारी त्या झाडापाशी जा. फोटोसाठी नव्हे, तपासायला. बहर ओसरतोय, पाने उलगडताहेत, आणि झाडाचे दोन मोठे शत्रू नेमके याच दिवसांत कामाला लागतात.

पहिला शत्रू करपा. ‘डिस्कुला डिस्ट्रक्टिव्हा’ नावाच्या बुरशीचा हा रोग अमेरिकेच्या पूर्व भागात 1970च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ॲपलेशियन डोंगरांतली डॉगवूडची राने त्याने उजाड केली. मेरीलँडच्या कॅटॉक्टिन डोंगरात तर बहुतेक झाडे गेली. गार, भिजका वसंत त्याला मानवतो. सुरुवात खालच्या फांद्यांपासून होते: पानांवर जांभळ्या कडेचे तपकिरी चट्टे, मग बारीक डहाळ्या वाळणे, मग खोडावर फुटलेले धुमारे. हिवाळाभर वाळकी पाने गळून न पडता डहाळीला लोंबत राहिली असतील, तर संशय पक्का करा.

मात्र प्रत्येक डाग म्हणजे करपा नव्हे. पानांवर आणि फुलांच्या पाकळ्यांवर (खरे तर त्या पाकळ्या नव्हेत, रंगीत पानेच) टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके असतील, तर ते दिसायला वाईट, पण झाडाच्या जिवावर बेतत नाहीत. उन्हाळ्यात पानांवर पांढरी पूड दिसली आणि पाने वळली, तर ती भुरी. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना तिची ओळख करून द्यायला नको. तिथली बुरशी वेगळी, लक्षण तेच. मोठे झाड तिने सहसा मरत नाही, रोपटे मात्र खुरटते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पानांच्या फक्त कडा करपल्या, तर झाडाला रोग नाही, तहान लागली आहे.

आता दुसरा शत्रू, आणि इथे आपला हात आहे. अंगणातल्या डॉगवूडचे सर्वात मोठे दुखणे माझ्या मते गवत कापणारा ट्रिमर आहे. त्याची दोरी खोडाच्या पातळ सालीवर आपटते, साल फाटते, आणि गांधीलमाशीसारखा दिसणारा एक लहानसा पतंग त्या जखमेशी अंडी घालतो. अळी सालीखाली शिरून आतला जिवंत थर खात फिरते. जमिनीलगत भुसा, सुटलेली साल, किंवा ऐन उन्हाळ्यात एकाच फांदीची पाने अवेळी लाल झालेली दिसली, तर खोडकिडा आत आहे असे समजा. अळी आत गेल्यावर वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही.

म्हणून आजच दोन-तीन फुटांचे गोल आळे करा आणि त्यातले गवत काढून टाका. लॉन सांभाळायला येणाऱ्या माणसालाही स्पष्ट बजावा. आळ्यात दोन-तीन इंच लाकडी भुशाचे आच्छादन द्या, पण खोडाला चिकटू देऊ नका. बुंध्याभोवती भुशाचे वारूळ रचण्याची इथल्या कॉलनीतली फॅशन कृपा करून उचलू नका. त्याने साल कुजते. मुळे उथळ असल्याने पाऊस ताणला तर आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, तेही मुळाशी. स्प्रिंकलरने पाने भिजवलीत, तर करप्याला आमंत्रण. लॉनचे नत्रखत आळ्यात पडू देऊ नका. कोवळी, लुसलुशीत वाढ बुरशीला फार आवडते.

वाळक्या डहाळ्या आणि खोडावरचे धुमारे कोरड्या दिवशी छाटा, दर झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा, खालचा पाचोळा गोळा करून कचऱ्यात टाका. मेलेली वाटणारी फांदी नखाने खरवडून बघा. आत हिरवे असेल तर थांबा. बुरशीनाशक रोग बरा करत नाही, न झालेला टाळते. ते कळी उमलताना सुरू करावे लागते आणि लेबलवर डॉगवूडचे नाव असेल तरच वापरावे. ‘सगळ्यावर एकच औषध’ सांगणाऱ्याला, किंवा झाड न तपासता थेट करवत काढणाऱ्याला, पैसे देऊ नका.

झाड गेलेच, तर रानातून रोप उपटून आणू नका, त्याबरोबर रोगही येईल. रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी अमेरिकी आणि आशियाई डॉगवूडच्या संकरातून तयार केलेले वाण करप्याला चांगले तोंड देतात. अस्सल अमेरिकी झाडच हवे असेल, तर ‘ॲपलेशियन स्प्रिंग’ मागा. कॅटॉक्टिनच्या संहारातून तगलेल्या झाडापासून टेनेसी विद्यापीठाने हा वाण पुढे आणला.

शंका असेल, तर तुमच्या कौंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला फोन करा. तिथे झाडांचे दुखणे ओळखणारी माणसे असतात, आणि नमुना राज्याच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पाठवायची सोयही ते सांगतात. नमुना म्हणून पूर्ण वाळलेली काडी नेऊ नका. जिथे वाळका भाग संपून हिरवा सुरू होतो, तो तुकडा पानांसकट न्या. सोबत दोन फोटो असू द्या: एक अख्ख्या झाडाचा, एक बुंध्याचा.